पू आहे, पण जंतू नाहीत

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

हातावर पू धरलेली, ठणकणारी जखम दिसली की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी अँटिबायोटिकच्या गोळ्या, त्या लागू पडल्या नाहीत की इंजेक्शने, आणि तीही वाया गेली की सर्जनकडे रवानगी. तिथे चीर देऊन, सडलेला वाटणारा भाग खरवडून जखम धुतली जाते. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हे योग्यच असते, किंबहुना त्यात उशीर केला तर महागात पडते. पण एका दुर्मीळ आजारात हाच क्रम उलटतो. जखम जितकी साफ करावी तितकी ती पसरते. नखाएवढा व्रण शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांत अर्धा पंजा व्यापतो, आणि ‘जंतू फारच चिवट दिसतात’ असे समजून पुन्हा चाकू लावला जातो. या गैरसमजापायी बोट कापण्याची वेळ आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून हे पत्र.

आजाराचे नाव लांबलचक आहे: न्यूट्रोफिलिक डर्मॅटोसिस ऑफ द डॉर्सल हँड्स. तळहाताच्या उलट बाजूला मराठीत मळहात म्हणतात. शब्द आता फारसा कानावर पडत नाही, पण इथे तो नेमका बसतो, म्हणून या पत्रापुरते त्याला मळहाताचा न्यूट्रोफिलिक दाह म्हणू. न्यूट्रोफिल या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जंतू शिरला की सर्वांत आधी धावून जातात त्या याच, आणि त्यांचा जो खच पडतो त्यालाच आपण पू म्हणतो. त्यांना बोलावून घेण्याचे नेहमीचे कारण जंतू हे असते, पण ते एकमेव कारण नाही. या आजारात इंटरल्युकिन-१, टीएनएफ यांसारखी दाहाचा सांगावा नेणारी प्रथिने विनाकारण हाकाटी करतात, न्यूट्रोफिलचे लोंढे त्वचेत घुसतात आणि त्यांच्यातल्या विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, तिथली त्वचाच विरघळू लागते. वरून चित्र हुबेहूब जंतुसंसर्गाचे, आत शत्रू कोणीच नाही. ‘पू झाला म्हणजे इन्फेक्शन झाले’ हे समीकरण रुग्णाच्या डोक्यात असणे समजू शकते. ते डॉक्टरांच्या डोक्यातही तितकेच घट्ट बसलेले असते, ही खरी अडचण.

हा आजार म्हणजे स्वीटच्या आजाराचा हातापुरता मर्यादित राहिलेला प्रकार. ‘स्वीट’चा गोडाशी संबंध नाही, रॉबर्ट डग्लस स्वीट या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञाचे ते आडनाव. त्याने १९६४ साली आठ स्त्रियांच्या निरीक्षणावरून ताप, रक्तात वाढलेले न्यूट्रोफिल आणि अंगावर उठणारे दुखरे लाल चट्टे यांचे एकत्रित वर्णन केले. १९९५ साली केवळ हातांवर दिसणारे असेच रुग्ण ‘पुस्च्युलर व्हॅस्क्युलायटिस’ या नावाने नोंदवले गेले, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह हे मूळ धरले गेले. रक्तवाहिन्यांना होणारी इजा ही मुख्य गोष्ट नसून न्यूट्रोफिलच्या गर्दीचा दुय्यम परिणाम आहे, हे लक्षात आल्यावर २००० साली सध्याचे नाव पुढे आले. याच कुळातला मोठा भाऊ म्हणजे पायोडर्मा गँग्रिनोसम. १९३० साली दिलेल्या त्या नावात पूही आहे आणि गँगरीनही आहे. प्रत्यक्षात तो आजार ना जंतूंचा, ना रक्तपुरवठा तुटल्याचा. वैद्यकशास्त्रात नावे ठेवणाऱ्यांनाच नावे ठेवावीत अशी ही जागा आहे, कारण नाव वाचूनच अनेकांचा हात चाकूकडे जातो.

आता तो ओळखायचा कसा. सुरुवात दुखऱ्या लाल पुळीने किंवा गाठीने होते. दोन-तीन दिवसांत ती फुगते, रंग जांभळट होतो, वर पिवळसर पुळ्यांची किंवा पाणी धरलेल्या फोडांची गर्दी होते, मध्यभाग फुटतो आणि त्यावर ओलसर खपली धरते. सर्वांत आवडती जागा अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी, आणि तिथून मळहातावर पसरलेला भाग. बोटांच्या मागच्या बाजूही सुटत नाहीत. तळहातावर क्वचित. कड नीट पाहावी, कारण खरी खूण तिथे असते. ती उंच, सुजरी आणि जांभळी असते, व्रणाभोवती ओल्या मातीची वळी थापावी तशी, आणि त्या वळीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पुळ्या ओळीने दिसतात. गळवाला बोटाने दाबले की आत द्रव हलल्याचे जाणवते. इथे तसे जाणवत नाही, कारण पेशी एका पोकळीत साचलेल्या नसून त्वचेच्या थरात सर्वत्र भिनलेल्या असतात. म्हणूनच चीर दिल्यावर भरपूर पू निघेल अशी अपेक्षा असते आणि निघते ते थोडे रक्ताळलेले पाणी. सर्जनने इथेच थबकायला हवे.

रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचा, आणि स्त्रियांचे प्रमाण जास्त. ताप असतो किंवा नसतोही. पूर्ण स्वीटच्या आजारात जसा तो ठळक असतो तसा इथे नसल्याने फसगत होते. दोन्ही हातांवर, जवळपास सारख्याच जागी जखमा असतील तर जंतुसंसर्गाचा संशय एकदम पातळ व्हायला हवा. जंतू सहसा असे सममितीने वागत नाहीत. मात्र एकाच हातावर आहे म्हणून हा आजार नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नये.

फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रुग्णाने सांगितलेली हकिकत. ‘बागेत काम करताना काटा लागला’, ‘भांडे घासताना खरचटले’ असे तो सांगतो, आणि ते खरेही असते. पण किरकोळ इजेच्या जागी दाह उसळणे हा या आजाराचा स्वभावच आहे. त्याला पॅथर्जी म्हणतात: सुईच्या टोचणीलाही त्वचा न्यूट्रोफिलच्या पुराने उत्तर देते. त्यामुळे काट्याची गोष्ट दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडते, तिच्यावरून निदान ठरत नाही. शस्त्रक्रियेनंतर जखम का वाढते याचेही उत्तर हेच. ज्या त्वचेला सुई सोसत नाही तिला खरवडणे सोसेल कसे?

औषधांची यादी तपासणे अनेकदा राहून जाते. पांढऱ्या पेशी वाढवणारे फिलग्रास्टिम हे इंजेक्शन, मुरुमांसाठीचे मिनोसायक्लिन, अझाथायोप्रिन, कर्करोगावरची बोर्टेझोमिबसारखी काही औषधे स्वीटच्या आजाराला चालना देऊ शकतात. त्यात कोट्रायमोक्साझोलही आहे, म्हणजे जखमेच्या संसर्गावर अनेकदा लिहून दिले जाणारे अँटिबायोटिकच. दुसरीकडे डॉक्सिसायक्लिनच्या कुळातल्या औषधांना दाह शमवण्याचा स्वतःचा एक गुण असतो. त्यामुळे ते दिल्यावर जखम थोडी निवली तर ‘पाहा, जंतूच होते’ असा चुकीचा दाखला मिळतो.

इथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा, नाहीतर या पत्राचाच गैरवापर होईल. काही प्रसंगी सर्जनला त्याच तासाला बोलवावे लागते. लाली तासातासाला पुढे सरकत असेल, दिसते त्यापेक्षा दुखणे कितीतरी पट जास्त असेल, त्वचा दाबल्यावर आत चुरचुर लागत असेल, रक्तदाब उतरत असेल, रुग्ण भ्रमात बोलत असेल, तर ते मांसभक्षक जंतूंचे लक्षण समजून आधी शस्त्रक्रियाच करावी. बोट किंचित वाकलेले, पूर्ण लांबीत सारखे सुजलेले, तळहाताच्या बाजूने स्नायुरज्जूच्या वाटेवर दाबल्यास दुखणारे आणि सरळ करू गेल्यास रुग्ण ओरडतो, ही चार लक्षणे एकत्र असतील तर रज्जूच्या आवरणात पू आहे. तोही थांबत नाही. हाताच्या सर्जनना या चार खुणा कॅनाव्हेलच्या नावाने पाठ असतात. न्यूट्रोफिलिक दाहाचाही एक उग्र प्रकार मांसभक्षक संसर्गासारखाच दिसतो. पण खात्री नसताना जीव वाचवण्याला प्राधान्य. फक्त पहिल्या शस्त्रक्रियेतच कडेच्या त्वचेपासून खोल थरापर्यंतचा तुकडा पॅथॉलॉजीकडे आणि दुसरा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, पाठवावा. तुकड्यात जंतू नाहीत, कल्चर कोरे आहे आणि जखम कापलेल्या रेषेवरूनच पुढे सरकते आहे, असे दिसले तर दुसऱ्यांदा चाकू लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला बोलवावे.

अशी घाई नसलेल्या रुग्णात अँटिबायोटिकने सुरुवात करण्यात काही वावगे नाही. वावगे आहे ते त्याच वाटेवर दोन-दोन, तीन-तीन आठवडे चालत राहणे. पहिल्याच दिवशी व्रणाच्या कडेभोवती पेनाने रेघ ओढावी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा आणि ४८ ते ७२ तासांनी पुन्हा पाहावे. योग्य अँटिबायोटिक पडूनही कड रेघेबाहेर गेली असेल, तर आणखी जोरकस अँटिबायोटिकपेक्षा बायोप्सीची, म्हणजे त्वचेचा तुकडा काढून तपासण्याची, वेळ झाली आहे असे समजावे.

त्याआधी स्वॅबविषयी. जखमेवरून कापसाची काडी फिरवून पाठवलेला नमुना या आजारात मदतीपेक्षा घात जास्त करतो. उघड्या व्रणावर स्टॅफिलोकोकससारखे जंतू नुसते वस्तीला येतात. रिपोर्टात ते उगवले की ‘सापडला गुन्हेगार’ म्हणून नवे अँटिबायोटिक सुरू होते. न फुटलेली पुळी निवडावी, वरची त्वचा सलाइनने पुसून, निर्जंतुक सुईने तिचे छत उचलून आतला पू काचपट्टीवर घ्यावा आणि जंतू दाखवणाऱ्या ग्रॅम रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. न्यूट्रोफिलचा खच आणि जंतू एकही नाही, हे चित्र दिसले तर पाच मिनिटांच्या त्या काचपट्टीने स्वॅबच्या तीन दिवसांच्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगितले.

बायोप्सीत तंत्राला महत्त्व आहे, म्हणून थोडे विस्ताराने. तुकडा व्रणाच्या मधोमध कधीच घेऊ नये. तिथे मेलेली त्वचा आणि वस्तीला आलेले जंतू यांखेरीज काही मिळत नाही. तो जांभळ्या, सुजऱ्या कडेतून घ्यावा, शक्य तर सर्वांत ताज्या पुळीतून. त्वचेचा गोल तुकडा कापणारे ४ मिलिमीटरचे हत्यार, म्हणजे पंच, पुरतो, पण तो त्वचेखालच्या चरबीपर्यंत पोहोचायला हवा. मळहाताची त्वचा पातळ असते आणि तिच्या लगेच खाली बोटे सरळ करणारे रज्जू असतात. म्हणून त्वचा चिमटीत उचलून, लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फुगवटा करून, रज्जूंच्या रेषेपासून बाजूला पंच फिरवावा. एकच तुकडा घेऊन भागत नाही, दोन घ्यावेत. पहिला १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रवात. दुसरा निर्जंतुक सलाइनने ओलावलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, निर्जंतुक डबीत, लगेच मायक्रोबायोलॉजीकडे. दोन्ही तुकडे सवयीने एकाच फॉर्मलिनच्या बाटलीत टाकले जाणे ही सर्वांत नेहमीची आणि सर्वांत चीड आणणारी चूक. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून जंतू उगवत नाहीत, आणि मग कोऱ्या कल्चरला काही अर्थच उरत नाही.

बायोप्सी ही देखील इजाच आहे, तिने पॅथर्जी होणार नाही का, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडेल. होऊ शकते. पण ४ मिलिमीटरच्या छिद्राचा धोका आणि निदानाविना पंजा खरवडला जाण्याचा धोका यांची तुलनाच नाही.

प्रयोगशाळेला पाठवायच्या कागदावर ‘हातावरची जखम, कृपया तपासा’ एवढेच लिहिण्यात अर्थ नसतो. सामान्य जंतू, बुरशी आणि क्षयरोगाच्या कुळातले जंतू अशी तिन्ही कल्चर मागावीत. माशांची टाकी, पोहण्याचा तलाव किंवा समुद्राशी संबंध आला असेल तर ते लिहावे. तिथल्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा जंतू ३० ते ३२ अंशांवर नीट वाढतो. नेहमीच्या ३७ अंशांच्या पेटीत ठेवला तर तो नीट उगवत नाही आणि रिपोर्ट खोटा कोरा येऊ शकतो. या कुळाच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, तोवर उपचार अडवून धरणे शक्य नसते. म्हणून पॅथॉलॉजीच्या तुकड्यावर बुरशीसाठी पीएएस आणि क्षयाच्या जंतूंसाठी झील-नील्सन हे रंग आधीच मागून घ्यावेत. मेंढ्या-बकऱ्या हाताळणाऱ्यांत ऑर्फ हा विषाणूचा आजार असाच दिसतो आणि साधारण सहा आठवड्यांत आपणहून बरा होतो. काट्याच्या जखमेनंतर हातावरून वर दंडाकडे एका रांगेत गाठी चढत गेल्या असतील तर स्पोरोट्रायकोसिस ही बुरशी आठवावी. न दुखणारी काळी खपली आणि भोवती भली मोठी सूज दिसली तर अँथ्रॅक्स. आपल्या आजाराचा व्रण दुखतो, आणि चांगलाच दुखतो.

सूक्ष्मदर्शकाखालचे दृश्य मात्र एकदा पाहिले की विसरत नाही. त्वचेच्या वरच्या थराखाली पाणी साठून तो उचलला गेलेला असतो आणि त्याखाली न्यूट्रोफिल एकमेकांना खेटून, पट्टा अंथरल्यासारखे दिसतात. त्यांच्या फुटलेल्या केंद्रकांची निळसर धूळ सर्वत्र विखुरलेली असते. रक्तवाहिन्यांच्या भिंती बहुधा शाबूत असतात. जिथे त्या बिघडल्या आहेत तिथेही गर्दीचा फटका बसलेला असतो, मूळ रोग तो नव्हे. हे चित्र जंतुसंसर्गातही दिसू शकते, त्यामुळे पॅथॉलॉजिस्टचा ‘न्यूट्रोफिलिक डर्मॅटोसिसशी सुसंगत’ हा शेरा आणि कोरे कल्चर हे दोन्ही कागद शेजारी ठेवूनच निदान करायचे असते.

निदान झाले की दुसरा शोध सुरू होतो: हे हातावर का आले? मला विचाराल तर हात बरा करण्याइतकेच हे महत्त्वाचे आहे आणि याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. स्वीटच्या आजारात सुमारे एकपंचमांश रुग्णांत कर्करोगाशी संबंध सापडतो, त्यातही रक्ताच्या. अस्थिमज्जेतला बिघाड आणि अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हे त्यातले प्रमुख. हातापुरत्या आजारातही हाच संबंध दिसतो. शिवाय आतड्याचे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, संधिवात, रक्तातले एकाच साच्यातले वाढीव प्रथिन यांच्याशीही तो जोडलेला आढळतो. म्हणून सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, नुसता आकडा पाहून कागद बाजूला ठेवू नये. काचपट्टीवर पेशी डोळ्यांनी पाहायला सांगावे. हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट कमी आणि लाल पेशींचा आकार मोठा असे जुळून आले, किंवा अपरिपक्व पेशी दिसल्या, तर रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवून अस्थिमज्जा तपासावी. सोबत दाह मोजणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस. जुलाब, शौचातून रक्त, उतरलेले वजन यांविषयी रुग्णाला थेट विचारावे, तो आपणहून सांगत नाही. हाताच्या दुखण्यासाठी आलेला माणूस पोटाचे का सांगेल? वयस्क पुरुषाला वारंवार ताप, मोठ्या लाल पेशींचा पंडुरोग आणि कानाची पाळी नव्हे तर वरचे कूर्चेचे भाग लाल होऊन दुखणे असे असेल, तर २०२० साली वर्णन झालेल्या व्हेक्सास या आजारासाठी यूबीए१ या जनुकाची तपासणी करावी. आणि हे सगळे रक्त स्टेरॉइड सुरू करण्याआधी काढावे. स्टेरॉइडने न्यूट्रोफिलचा आकडा आपोआप चढतो, मग तो आजारामुळे की औषधामुळे हे कोडे सुटत नाही.

उपचार त्यामानाने सरळ आहे. व्रण लहान आणि एखाददुसराच असेल तर ०.०५ टक्के क्लोबेटासोल मलम दिवसातून दोनदा, किंवा कडेत ट्रायअॅम्सिनोलोनचे इंजेक्शन, एवढ्यावर भागू शकते. पसरलेल्या आजारात प्रेडनिसोलोन, दर किलो वजनाला रोज ०.५ ते १ मिलिग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला ३० ते ६० मिलिग्रॅम, सकाळी एकदम, खाल्ल्यावर. आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिकला न जुमानलेला ठणका पुष्कळदा दोन-तीन दिवसांत उतरतो, कडेची वळी बसते, पुळ्या सुकतात. हा प्रतिसाद इतका ठळक असतो की स्वीटच्या आजाराच्या निदानाच्या निकषांत त्याचा समावेश आहे. उलट, पुरेसा डोस देऊन आठवडाभरात काहीच फरक नसेल तर डोस वाढवत बसण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावे, आणि आधी मायकोबॅक्टेरिया व बुरशीच्या कल्चरची चौकशी करावी.

गडबड होते ती पुढे. ठणका गेला, हात हलू लागला, की रुग्ण गोळ्या बंद करतो; स्टेरॉइडची धास्ती आपल्याकडे फार. आठवडाभरात आजार उलटतो आणि मग औषधालाच दोष लागतो. नवी पुळी येणे थांबल्यावर दर आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅम उतरवत चार ते सहा आठवड्यांत डोस संपवावा. या काळात साखर आणि रक्तदाब मोजत राहावे. सुरू करण्याआधी क्षयरोग आणि हेपटायटिस-बी यांची तपासणी करून घ्यावी.

डोस उतरवताना आजार डोके वर काढत असेल किंवा मधुमेहामुळे स्टेरॉइड नको असेल तर डॅप्सोन, रोज ५० पासून १०० मिलिग्रॅमपर्यंत. पण त्याआधी जी-६-पीडीची तपासणी झालीच पाहिजे. या विकराची कमतरता असलेल्यांत डॅप्सोनने लाल पेशी धडाधड फुटतात. कमतरता नसली तरी हिमोग्लोबिन थोडे उतरतेच, म्हणून पहिला महिनाभर दर आठवड्याला सीबीसी. ओठ निळसर दिसणे आणि पल्स ऑक्सिमीटरवरचा आकडा घसरणे हा मेथहिमोग्लोबिनचा, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणाऱ्या बदललेल्या हिमोग्लोबिनचा, परिणाम असतो, फुप्फुसाचा नव्हे. चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास ताप, अंगभर पुरळ आणि कावीळ आली तर गोळी त्याच दिवशी कायमची बंद. आणखी एक बारकावा, जो मधुमेहतज्ज्ञांनाही चकवतो: डॅप्सोन चालू असताना एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, आकडा खोटा कमी येतो, कारण लाल पेशी लवकर मरतात आणि त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही. अशा रुग्णाची साखर बोटातल्या किंवा शिरेतल्या रक्तावरच मोजावी.

कोल्चिसिन हा तिसरा पर्याय, ०.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा तीनदा. जुलाब झाले तर डोस कमी करावा. मूत्रपिंड अशक्त असेल तर जपून, आणि सोबत क्लॅरिथ्रोमायसिन कधीही नको. या जोडीने जीव गेल्याची उदाहरणे आहेत. पोटॅशियम आयोडाइड हे जुने औषध ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात, थायरॉइडवर लक्ष ठेवून. या सगळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांत अॅनाकिन्रा, इन्फ्लिक्सिमॅब यांसारखी इंजेक्शने वापरली गेली आहेत, पण ते काम तज्ज्ञ केंद्राचे.

ड्रेसिंग करणाऱ्याला निदान सांगितले गेले नाही तर उरलेले सगळे पाण्यात जाते. त्याला जखम ‘स्वच्छ’ करण्याची सवय असते, आणि इथे तीच नको असते. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, घासणे नको, खपली ओढून काढणे नको, कात्री-चिमटा नको. कोमट सलाइनची धार सोडावी, न चिकटणारी सिलिकोनची किंवा पॅराफिनची जाळी ठेवावी, वर मऊ पट्टी सैल गुंडाळावी. चिकटपट्टी थेट त्वचेवर लावू नये, ती उचकटतानाही इजा होते. सूज चढण्याआधी अंगठ्या काढून घ्याव्यात. हात उशीवर, छातीच्या वर. बोटे मात्र दिवसातून चार-पाचदा हलकेच मिटावी-उघडावीत, नाहीतर व्रण भरून येतो आणि सांधे आखडलेले राहतात. त्वचारोपणाची गरज पडलीच तर दाह पूर्ण विझल्यावर आणि स्टेरॉइडच्या छत्राखालीच. भडकलेल्या जागेवर लावलेली त्वचा टिकत नाही, शिवाय जिथून ती काढली तिथे नवा व्रण उठू शकतो.

बरे झाल्यावर जागा काही महिने काळसर-तपकिरी राहते, खोल व्रण असेल तर पातळ वण उरतो. आजार पुन्हा येऊ शकतो; स्वीटच्या आजारात साधारण तिघांतल्या एकाला तो उलटतो. हात बरा झाला तरी सीबीसी पहिले वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी करत राहावे, कारण रक्ताचा आजार कधी कधी हाताच्या मागून, महिन्यांनी उघडा पडतो.

आणि रुग्णाला घरी पाठवताना त्याच्या कागदावर पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरांत लिहावे: ‘न्यूट्रोफिलिक डर्मॅटोसिस, पॅथर्जी आहे, मळहातावर सलाइनची सुई लावू नये, शस्त्रक्रियेआधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारावे.’ उद्या हाच माणूस मोतीबिंदूसाठी किंवा तापासाठी भरती झाला, तर सलाइन लावणारा सर्वांत आधी मळहातावरचीच शीर शोधणार असतो.

आपला विश्वासू,
एक त्वचारोगतज्ज्ञ